न्यायाधीशाची खुर्ची: ‘करेज अंडर फायर’मधील शौर्याची चौकशी

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका चित्रपट मंडळाच्या चार पानी पत्रिकेत मी ‘करेज अंडर फायर’ (१९९६) या अमेरिकन चित्रपटावर एक टिपण लिहिले होते. त्यात मी त्याला ‘वाळवंटातला राशोमोन’ म्हटले होते. तसे म्हणणारा मी एकटा नव्हतो. एका घटनेबद्दल चार माणसे चार गोष्टी सांगू लागली की कुरोसावाचे नाव घ्यायचे, ही आपल्याकडे आणि बाहेरही पडून गेलेली सवय आहे. गेल्या पावसाळ्यात हे दोन्ही चित्रपट मी लागोपाठच्या दोन संध्याकाळी पुन्हा पाहिले. माझे ते टिपण चुकले होते, एवढेच नव्हे तर नेमक्या महत्त्वाच्या जागी चुकले होते, हे ध्यानात आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे. परंतु दुरुस्ती करता करता एक वेगळाच प्रश्न समोर आला, आणि तो चित्रपटापुरता राहिला नाही. मेलेल्या सैनिकाचे आपण काय देणे लागतो? निर्मळ स्तुती, की पूर्ण हकिगत?

त्या रात्रीची हकिगत

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे भाग आहे.

१९९१चे आखाती युद्ध. लेफ्टनंट कर्नल सर्लिंग (डेन्झेल वॉशिंग्टन) हा रणगाड्यांच्या दलाचा प्रमुख. रात्रीच्या गोंधळात शत्रूचे रणगाडे त्याच्या रांगेत घुसलेले असतात. समोरच्या एका रणगाड्यावर तो मारा करायला सांगतो. तो रणगाडा निघतो आपल्याच बाजूचा, त्याचा मित्र बॉयलर याचा. लष्कर हे प्रकरण झाकून ठेवते. बॉयलरच्या आईवडिलांना सांगितले जाते की मुलगा शत्रूच्या माऱ्यात गेला. सर्लिंगला वॉशिंग्टनमध्ये एका टेबलामागे बसवले जाते. काम काय, तर शौर्यपदकांच्या शिफारशींची छाननी.

त्याच्यासमोर एक प्रकरण येते. कॅप्टन कॅरन वॉल्डन (मेग रायन) ही जखमींना उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरची वैमानिक. पाडल्या गेलेल्या दुसऱ्या एका हेलिकॉप्टरमधील सैनिकांना वाचवताना तिचेही हेलिकॉप्टर पडते. ती आणि तिचे सहकारी रात्रभर वाळवंटात अडकून राहतात. सकाळी सुटका होते, पण तोवर ती मेलेली असते. तिला ‘मेडल ऑफ ऑनर’ द्यावे अशी शिफारस आहे. व्हाइट हाउसला तर ते हवेच आहे. लढाईतील शौर्याबद्दल हे पदक मिळवणारी पहिली स्त्री, हिरवळीवर समारंभ, हातात पदक घेतलेली तिची लहान मुलगी असे छायाचित्र कुणाला नको असते? सर्लिंगने फक्त सही करायची आहे.

पण जबान्या जुळत नाहीत. सहवैमानिक तिची स्तुती करतो, पण तो सुरुवातीलाच बेशुद्ध पडलेला होता. वैद्यकीय मदतनीस इलारिओ (मॅट डेमन) सांगतो की ती अतिशय धीराची होती. स्टाफ सार्जंट मॉनफ्रिएझ (लू डायमंड फिलिप्स) सांगतो की ती भित्री होती, शरण जायला निघाली होती, आणि खरी लढाई आपण लढलो. अल्टमायर नावाचा सैनिक रुग्णालयात कर्करोगाने मरणपंथाला लागला आहे. त्याला बोलायचे आहे, पण वेदना आणि मॉर्फिन यांच्या मधे त्याचे शब्द हरवतात. शिवाय एक बारीकशी विसंगती आहे. जवळच अडकलेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरच्या सैनिकांनी सकाळी एम-१६ रायफलीचा आवाज ऐकला होता. वॉल्डनचे सहकारी तर म्हणतात की गोळ्या संपल्या होत्या. मग ती रायफल कोण चालवत होते?

याचे उत्तर अखेर इलारिओकडूनच मिळते. मॉनफ्रिएझला अंधारात पळून जायचे होते. जखमी सहवैमानिकाला मागे टाकून जायला वॉल्डनने नकार दिला. त्याने तिच्यावर शस्त्र रोखले. त्याच्या पाठीमागे आलेल्या शत्रूवर तिने गोळी झाडली. ती आपल्यावरच आहे असे समजून त्याने तिच्या पोटात गोळी घातली. सकाळी सुटका करणारे आले तेव्हा ती जिवंत होती, आणि एकटी रायफल चालवत बाकीच्यांना निघून जायला आडोसा देत होती. मॉनफ्रिएझने सांगितले की ती मेली. इलारिओ गप्प राहिला. नंतर त्या साऱ्या जागेवर नापाम टाकला गेला.

‘राशोमोन’मध्ये कोण दिसत नाही

आता ‘राशोमोन’ (१९५०) आठवून पाहू. अकुतागावाच्या १९२२मधील कथेतून आलेली ती घटना सर्वपरिचित आहे. जंगलात एक सामुराई मरून पडला आहे. दरोडेखोर सांगतो, मी त्याला द्वंद्वात मारले. बायकोच्या सांगण्यावरून वाटते, तिच्या हातूनच ते घडले. मांत्रिकेच्या तोंडून बोलणारा मेलेला सामुराई सांगतो, मी स्वतःच स्वतःला संपवले. कुरोसावाने यात लाकूडतोड्याची चौथी हकिगत घातली आणि तोही पुरता खरा नाही हे दाखवले, कारण त्याने खंजीर लपवला होता.

माझ्या जुन्या टिपणात मी एवढेच पाहिले होते की दोन्हीकडे साक्षी एकमेकींशी भांडतात. त्या कोणत्या दिशेने भांडतात हे मी पाहिले नव्हते. ‘राशोमोन’मधील तिघेही हत्या अंगावर घेतात. प्रत्येकाला आपण कर्ते होतो असे सांगायचे आहे, कारण गुन्हेगार ठरले तरी चालेल पण हास्यास्पद ठरायला नको. ‘करेज अंडर फायर’मध्ये नेमके उलटे घडते. प्रत्येकाला आपण त्या जागी नव्हतो, किंवा होतो तर वेगळे होतो, असे सांगायचे आहे. तिथे अहंकार बोलतो, इथे अपराधाची भीती बोलते.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. ‘राशोमोन’मध्ये चौकशी करणारा अधिकारी एकदाही दिसत नाही. त्याचा प्रश्नही ऐकू येत नाही. साक्षीदार अंगणात बसून थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात. न्यायाधीशाची खुर्ची रिकामी आहे आणि तिच्यात कुरोसावाने आपल्याला बसवले आहे. झ्विकच्या चित्रपटात त्या खुर्चीत माणूस बसलेला दिसतो. तो पितो, घरी जायचे टाळतो, बायकोशी बोलू शकत नाही, कारण तो स्वतःच एका दडपलेल्या प्रकरणातला आरोपी आहे. ज्याची हकिगत खोटी करून ठेवली आहे असा माणूस दुसऱ्यांच्या हकिगती तपासायला बसला आहे. म्हणून ‘सत्य कळते का?’ हा ‘राशोमोन’चा प्रश्न इथे लागूच पडत नाही. इथला प्रश्न असा: सत्य ऐकून घेण्याचा अधिकार कुणाला?

चित्रपटाचे उत्तर साधे आहे आणि मला ते पटते. ज्याने स्वतःची साक्ष दिली नाही त्याला दुसऱ्याची साक्ष नीट घेता येत नाही. इलारिओच्या पहिल्या जबानीत सर्लिंगला खोट ऐकू येते, ती त्याच्या तपासकौशल्यामुळे नव्हे. त्या आवाजातली स्तुती जरा जास्त आहे, आणि असली जास्तीची स्तुती कशावर पांघरूण घालते हे त्याला स्वतःवरून ठाऊक आहे. बॉयलरच्या घरी त्यानेही तशीच स्तुती पोचवलेली आहे.

प्रशस्तिपत्र नावाचा लेखनप्रकार

साहित्याच्या वाचकाला या चित्रपटात विशेष रस वाटावा अशी एक गोष्ट आहे. याच्या केंद्रस्थानी लढाई नाही, एक मजकूर आहे. सर्लिंग जे तपासतो ते प्रशस्तिपत्राचे प्रारूप आहे. पदकासोबत वाचून दाखवला जाणारा हा छोटा मजकूर म्हणजे एक स्वतंत्र लेखनप्रकार मानला पाहिजे. त्याचे नियम पक्के असतात. निवेदक अनाम आणि सर्वज्ञ. नायक एकच. शत्रू नेहमी समोर, कधीही शेजारी नाही. ‘कदाचित’, ‘असे म्हणतात’ या शब्दांना प्रवेश नाही. मरण शेवटच्या वाक्याच्या आसपास येते आणि त्यानंतर परंपरेचा, पलटणीचा उल्लेख होतो. मेडल ऑफ ऑनरसाठी निर्विवाद पुरावा असावा लागतो आणि प्रत्यक्षदर्शींच्या जबान्या जोडाव्या लागतात. पण अंतिम मजकुरात त्या जबान्यांचा मागमूस राहत नाही. अनेक आवाज गाळून एक आवाज उरतो.

हे वाचताना मला आपल्याकडच्या वीरगळांची आठवण झाली. गावोगावच्या देवळांच्या आवारात, कधी पाराच्या कडेला कलून पडलेले हे दगड आपण पाहिलेले असतात. खालच्या चौकटीत लढाई आणि वीराचे मरण, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही, नाव नाही. गुरांसाठी लढताना मेला की सीमेसाठी, कुणाच्या हातून मेला, हे दगड सांगत नाही. तो फक्त क्रम सांगतो: लढला, मेला, वर गेला. घडवणाऱ्याला तेवढेच सांगायचे होते आणि उभारणाऱ्यांना तेवढेच हवे होते. त्यात लबाडी नाही. शोक करणाऱ्या माणसांना ठरलेल्या आकाराचा आधार लागतो.

आधुनिक प्रशस्तिपत्र हा त्याच घराण्यातला मजकूर आहे. फरक एवढाच की वीरगळ पुराव्याचा दावा करत नाही आणि प्रशस्तिपत्र करते. सर्लिंगचे काम म्हणजे खालची चौकट पुन्हा खणून पाहणे. ती खणली की अप्सरांची चौकट डळमळणार, हे त्याचे वरिष्ठ जाणतात, म्हणून जनरल हर्शबर्ग घाई करतो. हर्शबर्ग खलनायक नाही. त्याचे सर्लिंगवर प्रेम आहे. त्याने सर्लिंगची चौकट जशी बुजवली तशीच वॉल्डनची बुजवावी, एवढीच त्याची इच्छा आहे. संस्था माणसाला वाचवते ती अनेकदा त्याची हकिगत काढून घेऊन, ही गोष्ट मायकेल मोरिआर्टीच्या या भूमिकेतून फार संयमाने समोर येते.

इथे निर्मितीमागची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. अमेरिकी संरक्षण खात्याने या चित्रपटाला दिलेले सहकार्य काढून घेतले. खरे एम-१ अब्रॅम्स रणगाडे मिळेनात. तेव्हा ऑस्ट्रेलियातून जुने ब्रिटिश सेंच्युरियन रणगाडे आणून, त्यांना वरून पत्रे जोडून, अब्रॅम्सचे रूप देण्यात आले. खोट्या प्रशस्तिपत्राबद्दलचा चित्रपट खोट्या रणगाड्यांवर काढावा लागला, कारण खऱ्या रणगाड्यांच्या मालकाला ही गोष्ट नको होती. आणि ज्या विषयाला खात्याचा विरोध असावा असे वाटते तो विषय कल्पित नव्हता. आखाती युद्धात लढाईत मेलेल्या १४८ अमेरिकी सैनिकांपैकी ३५ जण आपल्याच बाजूच्या माऱ्यात मेले. जमिनीवरची लढाई अवघी शंभर तास चालली होती.

स्वतःविरुद्धची साक्ष

आता एक कठीण मुद्दा. इलारिओची शेवटची हकिगत खरी, असे आपण का मानतो? चित्रपट ती दाखवताना आधीच्या खोट्या हकिगतींसाठी वापरलेलीच साधने वापरतो. रॉजर डीकिन्सचा कॅमेरा तोच, धूळ तीच, अंधार तोच. मॉनफ्रिएझची हकिगत पाहताना तीही डोळ्यांसमोर तितकीच ठसठशीत घडलेली असते. मग शेवटची हकिगत वेगळी कशी?

ती वेगळी ठरते कारण सांगणारा तिच्यात स्वतःला वाचवत नाही. आपण गप्प राहिलो, आपल्या गप्प राहण्याने ती मेली, हे तो सांगतो. माणूस स्वतःच्या तोट्याचे विधान उगीच करत नाही, हा न्यायालयांतही चालत आलेला तर्क आहे. परंतु ‘राशोमोन’ने हा तर्क आधीच मोडून ठेवला आहे. तिथे तिघे जण स्वतःविरुद्ध बोलतात, आणि तिन्ही हकिगती एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तेव्हा केवळ कबुली पुरेशी नाही. झ्विकच्या चित्रपटाला हे कळलेले आहे असे मला आता वाटते. म्हणूनच त्या रायफलीच्या आवाजाची योजना आहे. तो आवाज ऐकणाऱ्या माणसांचा वॉल्डनशी काही संबंध नाही. त्यांना तिला मोठे करायचे नाही, लहानही करायचे नाही. कबुली आणि तो तटस्थ आवाज जिथे एकमेकांना भेटतात तिथे चौकशी थांबते. मॉनफ्रिएझकडे कबुलीची वाट नसते. तो समोरून येणाऱ्या आगगाडीवर मोटार घालून मरतो. इलारिओ बोलतो आणि उरतो. मॅट डेमनने या भूमिकेसाठी सुमारे १८ किलो वजन घटवले होते. शेवटच्या प्रवेशातला त्याचा खंगलेला चेहरा पाहताना जाणवते की गप्प राहणे हीही शरीराने पेलायची गोष्ट आहे.

आणि मग सर्लिंग बॉयलरच्या आईवडिलांकडे जातो. हा प्रवेश छोटा आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा शेवट तोच आहे. तुमचा मुलगा शत्रूच्या माऱ्यात गेला नाही, मी हुकूम दिला होता, असे तो सांगतो. मुलाचा बाप त्याला हे ओझे कधीतरी खाली ठेवावे लागेल असे सुचवतो. त्यात झटपट क्षमा नाही. पण आता त्यांच्याकडे त्यांच्या मुलाची खरी हकिगत आहे. ती त्यांची मालमत्ता होती आणि ती कुणीतरी परत आणून दिली.

जिची साक्ष झालीच नाही

चित्रपटाविषयी माझी तक्रारही आहे, आणि ती ‘राशोमोन’ शेजारी ठेवल्यानेच सुचली. ‘राशोमोन’मध्ये मेलेला माणूसदेखील साक्ष देतो. मांत्रिकेच्या घोगऱ्या आवाजात का होईना, तो आपली बाजू मांडतो. कॅरन वॉल्डनला अशी मांत्रिका मिळत नाही. त्या रात्रीच्या साऱ्या हकिगती पुरुषांच्या आहेत आणि तपासणाराही पुरुष आहे. तिच्या स्वतःच्या आवाजात आपण ऐकतो ते आईवडिलांना लिहिलेले पत्र. ते हृद्य आहे, पण त्या रात्री काय घडले ते त्यात नाही.

याचा परिणाम असा होतो की ती चार पुरुषांच्या गरजांप्रमाणे बदलत राहते. एकाला ती देवता हवी, एकाला भेदरट, एकाला ओझे. तिच्या डोळ्यांतले पाणी हे उत्तम उदाहरण आहे. ताणामुळे ती रडते. रडता रडताच ती काम करत राहते, आणि हे रडणे म्हणजे नुसता ताण आहे असे सुनावते. तेच पाणी मॉनफ्रिएझच्या लेखी भित्रेपणाचा पुरावा ठरते. पुरुष सैनिकाच्या घामाचा असा अर्थ लावावा लागत नाही. मेग रायनने एकाच प्रसंगातल्या या वेगवेगळ्या बायका आवाजाच्या पट्टीतून वेगळ्या केल्या आहेत. प्रेमकथांतली गोड नायिका म्हणून तिला ओळखणाऱ्यांना हा सुखद धक्का होता. पण शेवटच्या हकिगतीतली वॉल्डन पाहा. तिच्यात खोट उरलेलीच नाही. तिला भीती वाटली का? निर्णय घेताना ती चाचरली का? सर्लिंगला चुकण्याचा हक्क आहे, इलारिओला आहे. वॉल्डनला नाही. व्हाइट हाउसला जशी नायिका हवी होती, जवळपास तशीच चित्रपटालाही हवी आहे.

हे काळाच्या संदर्भात समजून घेता येते. त्या युद्धात सुमारे ४०,००० अमेरिकी स्त्रिया आघाडीच्या प्रदेशात होत्या, पण प्रत्यक्ष लढाईच्या पदांवर त्यांना मज्जाव होता. जखमींना आणणारे हेलिकॉप्टर चालवता येई, लढाऊ विमान नाही. लढाऊ विमानांची दारे १९९३मध्ये उघडली. जमिनीवरच्या लढाईवरची बंदी उठवण्याचा निर्णय व्हायला २०१३ उजाडले. या वादाच्या मधोमध निघालेल्या चित्रपटाला वॉल्डनमध्ये दोष दाखवणे परवडणारे नव्हते. मेडल ऑफ ऑनरच्या इतिहासातही आजवर एकाच स्त्रीचे नाव आहे: यादवी युद्धातील शल्यवैद्य मेरी वॉकर. १८६५मध्ये तिला पदक मिळाले, १९१७मध्ये निकष बदलल्यावर ते रद्द झाले, आणि १९७७मध्ये, तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी, पुन्हा बहाल झाले. वॉकर आणि वॉल्डन या नावांतले साम्य योगायोगाचे असेल. पण एका स्त्रीचे शौर्य देणे, काढून घेणे आणि परत देणे हे सारे तिच्या गैरहजेरीत इतरांनी करावे, हा भाग दोघींना समान आहे.

चित्रपटानंतर

कल्पित कथेनंतर आठ वर्षांनी वास्तवाने तिची नक्कल केली. पॅट टिलमन हा अमेरिकन फुटबॉलचा नावाजलेला खेळाडू. तो मोठा करार सोडून २००२मध्ये सैन्यात गेला आणि २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात मेला. त्याला सिल्व्हर स्टार देण्यात आला. प्रशस्तिपत्रात शत्रूच्या माऱ्याचे वर्णन होते. शोकसभा सर्व देशाने पाहिली. त्यानंतर काही आठवड्यांनी कुटुंबाला कळवले गेले की तो आपल्याच सहकाऱ्यांच्या गोळ्यांनी मेला होता. त्याचा गणवेश आणि वही तोवर जाळून टाकलेली होती. पदकासाठीच्या कागदपत्रांत चुकीची माहिती होती हे संरक्षण खात्याच्याच चौकशीने २००७मध्ये नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेससमोर झालेल्या सुनावणीत जेसिका लिंच ही सैनिकही बोलली. २००३मध्ये इराकमध्ये पकडली गेल्यावर तिच्याबद्दल अखेरच्या गोळीपर्यंत लढल्याच्या कथा पसरल्या होत्या. त्या खऱ्या नाहीत, असे तिने स्वतः सांगितले. वॉल्डनला जे करता आले नाही ते लिंचने केले: आपल्यावर चढवलेला वीरगळ स्वतःच्या हाताने उतरवला. मला तिची ती साक्ष कोणत्याही पदकाच्या तोडीची वाटते.

उलट बाजूचेही एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे, आणि ते विसरले तर हा लेख एकांगी होईल. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊंची एक कंपनी लढली आणि जवळजवळ सगळी कामी आली. जे मोजके जवान परतले त्यांच्या हकिगतीवर सुरुवातीला विश्वास बसेना. इतकी माणसे जागेवर उभी राहून मेली, हे पटणे कठीण होते. १९६३च्या आरंभी गोठलेले देह सापडले. ते आपापल्या मोर्च्यांत होते, हातांत शस्त्रे होती. शैतानसिंगांना परमवीर चक्र मिळाले. तिथे चौकशीने शौर्य कमी झाले नाही. चौकशीनेच ते सिद्ध केले. शंका घेणे म्हणजे अवमान, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. ज्या शौर्याला तपासाची भीती वाटते ते बहुधा मेलेल्याचे नसतेच. त्याच्या नावाने बोलणाऱ्यांचे असते.

दुरुस्ती

‘करेज अंडर फायर’ अखेर हिरवळीवरच्या समारंभात संपतो. जेम्स हॉर्नरचे संगीत भरून येते, लहान मुलीला पदक मिळते. दीड तास ज्या छायाचित्राची चित्रपटाने थट्टा केली तेच छायाचित्र तो स्वतः काढतो. माझ्या जुन्या टिपणात मी या शेवटाला ‘शरणागती’ म्हटले होते. आता तसे म्हणणार नाही. खालची चौकट खणून झाल्यावर तिच्यावर पुन्हा अप्सरांची चौकट ठेवता येते, आणि कधी कधी ठेवावीही लागते, कारण ती मुलगी तिथे उभी आहे. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. आधी हकिगत, मग हिरवळ.

समारंभानंतर सर्लिंग वॉल्डनच्या थडग्याजवळ जाऊन स्वतःचे पदक तिथे ठेवतो. तेव्हा त्याला आठवते की बॉयलरचा देह न्यायला जे हेलिकॉप्टर आले होते त्याची वैमानिक तीच होती. हा योगायोग जरा ओढूनताणून आणलेला आहे, हे मान्य. पण त्यातून एक गोष्ट कळते जी मी पंचवीस वर्षांपूर्वी पाहिली नव्हती. ज्या रात्रीबद्दल सर्लिंगला बोलता येत नव्हते त्या रात्रीची ती एक साक्षीदार होती. त्याची जबानी घ्यायला ती उरली नाही, म्हणून त्याने तिची घेतली.

ते चार पानी टिपण अजून माझ्या कपाटात आहे. त्याच्या समासात मी आता पेन्सिलीने एवढेच लिहून ठेवले आहे: ‘राशोमोन नव्हे. खुर्चीत कोण बसले आहे ते पाहा.’